तुमच्या सहीखाली माझी सही : बर्मिंगहॅमच्या आठ धर्मगुरूंना खुले पत्र

प्रति,
बिशप कार्पेंटर, बिशप ड्यूरिक, रब्बाय ग्राफमन, बिशप हार्डिन, बिशप हार्मन, बिशप मरे, रेव्हरंड रॅमेज आणि रेव्हरंड स्टॉलिंग्ज यांस,
स. न. वि. वि.

तुमच्यापैकी आज कोणीही हयात नाही, हे माहीत असूनही लिहिते आहे. तुम्हाला उद्देशून लिहिलेलं एक पत्र आधीच जगभर गाजलेलं आहे, त्यात माझी भर कशाला, असंही वाटून गेलं. पण ते पत्र वाचताना मला लिहिणाऱ्याच्या शेजारी बसताच येईना. सारखं तुमच्या रांगेत बसल्यासारखं होत होतं. म्हणून हे ते पत्र लिहिणाऱ्या किंगना न लिहिता तुम्हाला लिहिते.

मी एमए इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १६ एप्रिल १९६३ ही तारीख घालून अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र आम्हाला एका पेपरला नेमलंय. वर्गातल्या निम्म्यांनी ते झेरॉक्सवर वाचलं, उरलेल्यांनी गाईडमध्ये. ‘कुठेही होणारा अन्याय हा सगळीकडच्या न्यायाला धोका असतो’ हे त्यातलं वाक्य आमच्या विभागात भिंतीवर फ्रेम करून लावलंय. फ्रेम ज्यांनी दिली त्यांचं नाव खाली आहे, किंगच्या नावापेक्षा जरा ठळकच. सरांनी तीन तासांत पत्र संपवलं : संदर्भ, शैली, बायबलमधले दाखले, सॉक्रेटिस, संत ऑगस्टीन. परीक्षेला येतं ते सगळं झालं. फक्त एक गोष्ट कोणी फारशी बोललं नाही, की हे पत्र म्हणजे उत्तर आहे आणि आधीचं पत्र तुमचं आहे.

ते मी शोधून वाचलं. किंगचं उत्तर सात हजार शब्दांच्या आसपास जातं, तुमचं निवेदन जेमतेम एक पान. तारीख १२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे. तुम्ही लिहिलंत की काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याविरुद्धची ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि त्यांची वेळही चुकली आहे. त्यांचं नेतृत्व काही अंशी बाहेरच्या लोकांकडे आहे. हक्क नाकारले जात असतील तर न्यायालयात जावं, स्थानिक पुढाऱ्यांनी आपसांत बोलावं, रस्त्यावर येऊ नये. पोलिसांनी परिस्थिती शांतपणे हाताळली म्हणून त्यांचं कौतुक केलंत. आणि ‘आमच्या निग्रो समाजाला’ विनंती केलीत की या निदर्शनांचा पाठिंबा काढून घ्या. आमच्या! किंगचं नाव त्यात एकदाही नाही. त्याच दिवशी त्यांना अटक झाली होती.

मला हे निवेदन वाचून राग यायला हवा होता. आला नाही. वाटलं, मराठीत हेच मी लिहिलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलेली. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले नव्हते आणि फी पूर्ण भरल्याशिवाय हॉलतिकीट देणार नाही, असं ऑफिसनं सांगितलं. तीस-पस्तीस जणांचा प्रश्न होता. चार-पाच दिवस खिडकीवर खेटे घालून झाल्यावर ते मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर ठिय्या देऊन बसले. नेमकी त्याच आठवड्यात कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम यायची होती. पोर्चला नवा रंग मारलेला, त्याचा वास अजून गेलेला नव्हता. नर्सरीतून शोभेच्या कुंड्या भाड्यानं आणून दोन्ही बाजूंना मांडलेल्या. पोरं त्या कुंड्यांच्या मधे बसली होती. शिपाईमामा येऊन-जाऊन सांगायचे, टेकू नका, रंग लागेल.

सरांनी आम्हा सात वर्गप्रतिनिधींना बोलावलं. हे सर चांगले आहेत, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. स्वतःची पुस्तकं वाचायला देतात, कितीतरी पोरांची परीक्षा फी त्यांनी गुपचूप भरलीय. चहा आला, पार्लेचा पुडा फुटला. सर म्हणाले, “आपल्याच पोरांचं आहे, म्हणणं चुकीचं नाही. पण वेळ बघा ना जरा. टीम येऊन जाऊ दे, मग मी स्वतः प्राचार्यांशी बोलतो.” मग माझ्याकडे वळून, “तुझं मराठी चांगलं आहे. मसुदा तू कर.”

मला ते आवडलं, हे कबूल करते. खोलीत आठ माणसं आणि मसुदा मी करायचा.

पंधरा मिनिटांत झाला. “विद्यार्थ्यांच्या मागण्या रास्त असल्या तरी आंदोलनासाठी निवडण्यात आलेली वेळ योग्य नाही. महाविद्यालयाबाहेरील काही घटकांच्या चिथावणीला बळी न पडता सर्वांनी संयम बाळगावा व चर्चेच्या मार्गाने आपले प्रश्न सोडवून घ्यावेत, असे आम्ही सर्व विद्यार्थी प्रतिनिधी आवाहन करीत आहोत.” खाली सात सह्या. ‘बाहेरील घटक’ म्हणजे दोन मुलं. त्यातला एक आमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, ज्याचं याच भानगडीत एक वर्ष गेलं होतं.

आवाहन नोटीस बोर्डावर लागलं, सगळ्या ग्रुपवर फिरलं. संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर बाराजण उरले, दुसऱ्या दिवशी पाच. टीम आली, कुंड्यांचे फोटो झाले, टीम गेली. चर्चेची बैठकही ठरली. पहिल्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी.

हॉस्टेलवर माझ्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचा तो पहिला पेपर हुकला. बाकीच्यांनी उसनंपासनं करून पैसे भरले, तिचे जमले ते तो पेपर झाल्यानंतर. ती माझ्याशी भांडली नाही. जेवताना ताट घेऊन समोर बसली आणि म्हणाली, “तुझं पत्र छान होतं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.” मग आमटी वाढून घेतली.

तर आता तुमच्याकडे येते. तुमच्याबद्दल वाचायला लागल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं, कारण तुम्ही खलपुरुष नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज वॉलेसनं अलाबामाच्या गव्हर्नरपदाची शपथ घेताना ‘वंशविभागणी आज, वंशविभागणी उद्या, वंशविभागणी कायम’ अशी गर्जना केली, तेव्हा त्याच महिन्यात निवेदन काढून कायदा पाळा, न्यायालयाचे निर्णय माना असं गोऱ्या समाजाला सांगणाऱ्यांत तुम्ही होता. त्या काळच्या अलाबामात हे सोपं नव्हतं. तुमच्या लेखी तुम्ही दोन्हीकडच्या आततायी लोकांच्या मधे उभे होता. एप्रिलचं निवेदनही तुम्हाला जानेवारीच्या निवेदनाचाच पुढचा भाग वाटला असणार.

शिवाय तुमच्याकडे कारणही होतं. २ एप्रिलला महापौरपदाच्या फेरनिवडणुकीत अल्बर्ट बाउटवेलनं बुल कॉनरला हरवलं होतं. कॉनर म्हणजे पोलीस आणि अग्निशमन दल हाताखाली असलेला, काळ्यांना दबावात ठेवणं हेच राजकारण करणारा माणूस. तो हरला, नवा माणूस आला, आता त्याला थोडा अवधी द्या, असं तुम्हाला वाटलं. आमच्या सरांना टीम जाईपर्यंत वाटत होतं तसंच.

यावर किंगनी जे उत्तर दिलंय ते मी तीनदा वाचलं, कारण त्यात तत्त्वज्ञान नाही, नुसता हिशेब आहे. मार्चमधली निवडणूक होऊ दे म्हणून आम्ही आंदोलन पुढे ढकललं. कॉनर फेरनिवडणुकीत उतरलाय म्हटल्यावर ती होईपर्यंत परत ढकललं. बोलणी झाली नाहीत असंही नाही. आदल्या सप्टेंबरात दुकानदारांनी दुकानांतल्या अपमानास्पद पाट्या काढायचं कबूल केलं, थोड्या पाट्या निघाल्या, काही दिवसांनी परत लागल्या. म्हणजे ज्यांना तुम्ही ‘थांबा’ सांगत होता ते थांबूनच आले होते. माझी मैत्रीणही खिडकीवर जाऊन-जाऊन मगच पायरीवर बसली होती. पण खिडकीवर ती एकटी उभी असायची, आणि पायरीवर बसली तेव्हा दिसली.

‘बाहेरचे’ हा शब्दही तसाच. किंग अटलांटाचे, हे खरं. त्यांना बोलावलं होतं बर्मिंगहॅममध्येच लढत आलेल्या फ्रेड शटल्सवर्थ यांच्या संघटनेनं. शटल्सवर्थ कुटुंबाच्या घरावर १९५६ च्या नाताळच्या रात्री बॉम्ब पडला होता. ते तर तुमच्याच गावचे. तुमच्या निवेदनात ते ‘आमच्या समाजात’ बसतात की बाहेरच्यांत, हे मला कळलेलं नाही.

किंगनी तुम्हाला लिहिताना मात्र ‘माझ्या प्रिय सहधर्मगुरूंनो’ अशी सुरुवात केलीय. तुम्ही नावही घेतलं नव्हतं.

पत्रात एक वाक्य आहे, इंग्रजीत तीनशेहून जास्त शब्दांचं. आम्हाला कोणताही एक भाग मराठीत उतरवून आणायला सांगितलं होतं, मी हौसेनं तेच घेतलं. ज्यांना विभागणीचे काटे कधी टोचले नाहीत त्यांना ‘थांबा’ म्हणणं सोपं, अशी आधी ओळ आहे आणि मग सुरू होतं : पण जेव्हा तुम्ही हे बघता, जेव्हा ते बघता, जेव्हा, जेव्हा... मराठीत ‘जेव्हा’ आलं की ‘तेव्हा’ची वाट बघावी लागते. इथे ‘तेव्हा’ लवकर येतच नाही. जमावानं केलेल्या हत्या येतात. सहा वर्षांची मुलगी येते, टीव्हीवर जाहिरात बघून तिला फनटाऊन नावाच्या जत्रेसारख्या बागेत जायचंय आणि तिथे काळ्या मुलांना घेत नाहीत हे सांगताना बापाची जीभ अडखळते. पाच वर्षांचा मुलगा विचारतो, बाबा, गोरे लोक आपल्याशी असं वाईट का वागतात? लांबच्या प्रवासात मोटेल खोली देत नाही म्हणून रात्रीमागून रात्री गाडीत अवघडून झोपायचं. एवढं सगळं झाल्यावर कुठे वाक्य संपतं, की तेव्हा तुम्हाला समजेल, थांबणं आम्हाला अवघड का जातंय ते. वाचणाऱ्यालाच त्यांनी थांबवून ठेवलंय. मला भाषांतराला दहापैकी सात मिळाले. ‘वाक्य फार लांबले’ असा शेरा होता.

त्या वाक्यात एक जागा अशी आहे जिथे इंग्रजीपेक्षा मराठी माणूस जास्त पटकन पोचतो, असं मला वाटतं. कितीही वय झालं तरी पुरुषाला ‘बॉय’ म्हणायचं, आणि बायकोला, आईला ‘मिसेस’ कधीच लावायचं नाही. आमच्याकडे यासाठी शिवीसुद्धा लागत नाही. आजोबांच्या वयाच्या माणसाला दारातून ‘ए’ म्हणून एकेरी हाक मारली की काम होतं. ‘अहो’ कुणाला म्हणायचं आणि ‘अरे’ कुणाला, हे गावात कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं आणि कोणी चुकतही नाही.

‘मॉडरेट’ या शब्दाशी पण अडले. किंग म्हणतात, काळ्यांच्या वाटेतला मोठा अडसर त्यांच्यावर हल्ले करणारा कू क्लक्स क्लॅनवाला नसून गोरा ‘मॉडरेट’ आहे, ज्याला न्यायापेक्षा शांतता प्यारी असते, जो ‘उद्दिष्ट मान्य, मार्ग मान्य नाही’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचं वेळापत्रक आपण ठरवतो. आपल्याकडे ‘मवाळ’ हा तयार शब्द आहे, पण आमच्या मवाळांची गोष्ट वेगळी. ते स्वतःच्याच मागणीबद्दल मवाळ होते, इंग्रजांकडे अर्ज करत होते. तुम्ही दुसऱ्याच्या मागणीबद्दल मवाळ होता. शेवटी मी वहीत ‘समंजस’ लिहिलं. शब्द बरोबर नाही, पण बैठकीतून बाहेर पडल्यावर आम्हा सातजणांना सरांनी तोच लावला होता. “समंजस आहात रे तुम्ही.”

न्यायालयाबद्दलही तुमच्याशी बोलायचंय, कारण इथे मी थोडी तुमच्या बाजूची होते. १० एप्रिलला राज्याच्या न्यायालयानं मोर्च्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला आणि किंगनी तो जाणूनबुजून मोडला. मी महाडच्या अलीकडच्या एका गावची. आमच्याकडे मनाई हुकमाची एक जुनी गोष्ट आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं सगळ्यांना खुलं आहे असा ठराव महाड नगरपालिकेनं आधीच केला होता, तरी लोकांना मारहाण झाली, आणि नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीनं आले होते. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तळ्याचा सत्याग्रह थांबवला आणि दावा लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूनं लागला तो मार्च १९३७ मध्ये. एका तळ्यासाठी जवळजवळ दहा वर्षं.

म्हणजे बाबासाहेब तुमच्या सल्ल्याप्रमाणे वागले, असं मला आधी वाटलं आणि सुटल्यासारखं झालं. मग वडिलांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, पण थांबायचं कोणी ठरवलं? तहान ज्यांना लागली होती त्यांनीच ना?” माझे वडील एसटीत कंडक्टर होते, इंग्रजी वाचत नाहीत. फोन ठेवल्यावर मी आमच्या आवाहनाखालच्या सह्या परत बघितल्या. सातांपैकी एकाचंही हॉलतिकीट अडलेलं नव्हतं.

तुमच्याकडच्या न्यायालयाचं पुढे काय झालं, तेही सांगते. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की हुकूम कितीही शंकास्पद असला तरी तो मोडल्याची शिक्षा भोगलीच पाहिजे, आणि किंग पुन्हा तुरुंगात गेले. १९६९ मध्ये शटल्सवर्थ यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं मोर्च्याच्या परवानगीचा बर्मिंगहॅमचा तो नियमच घटनेला धरून नव्हता असं म्हटलं. तोवर किंग यांचा खून होऊन वर्ष होत आलं होतं.

बाकी इतिहास तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. निवेदनानंतर तीन आठवड्यांत, २ मे रोजी शाळकरी मुलं सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमधून रांगा करून बाहेर पडली आणि शेकड्यांनी पकडली गेली. दुसऱ्या दिवशी, निवडणूक हरूनही अजून पद न सोडलेल्या कॉनरनं त्यांच्यावर कुत्री आणि अग्निशमन दलाचे पाण्याचे झोत सोडले. तुम्ही कौतुक केलेले ते पोलीस हेच. १० मे रोजी तडजोड जाहीर झाली. तुम्ही वर्षानुवर्षं जी ‘योग्य वेळ’ यायची म्हणत होता ती महिन्याभरात आली, कारण शहराचा धंदा बसला होता. आणि १५ सप्टेंबरला रविवारी सकाळी त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा.

यात तुमचा हात नव्हता. हे लिहून ठेवते, कारण रागाच्या भरात असं कोणी म्हणेल. तुमच्यातले ड्यूरिक पुढे टेनेसीला गेल्यावर नागरी हक्कांसाठी उघड बोलले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. एका पानाच्या निवेदनापलीकडे प्रत्येकाचं आयुष्य होतं, पण तुमची नावं आता त्या पानामुळेच छापली जातात. माझ्या बाबतीत एवढं होणार नाही. नोटीस बोर्डावरचा कागद केव्हाच उतरवलाय.

रेव्हरंड स्टॉलिंग्ज, शेवटचा प्रश्न तुम्हाला एकट्याला. शुक्रवारी, १२ तारखेला तुम्ही सही केलीत. रविवारी, १४ तारखेला ईस्टर होता, आणि तुमच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चच्या प्रार्थनेला काळी माणसं आली तेव्हा तुम्ही त्यांना आत घेऊन सगळ्यांबरोबर बसवलंत. इतर चर्चच्या दारातून अशा लोकांना परत पाठवत होते. किंगनी कोठडीतून याच पत्रात, जिथे तुम्हा सगळ्यांची कानउघाडणी केलीय तिथेच, तुमचं नाव घेऊन याबद्दल तुमचं कौतुक केलंय. तुमच्या मंडळींत यावरून फूट पडली आणि दोन वर्षांनी तुम्ही ते चर्च सोडलंत.

शनिवारी काय झालं? त्या दिवशी वर्तमानपत्रात तुमचं निवेदन छापून आलं होतं. तुम्ही ते नाश्त्याला वाचलं का? सही आणि दार या दोन गोष्टी तुम्हाला एकमेकींविरुद्ध वाटल्या, की एकाच चांगल्या माणसाच्या दोन गोष्टी वाटल्या? मला खरंच माहीत करून घ्यायचंय. माझ्या शुक्रवारला वर्ष उलटून गेलंय.

यंदा पुन्हा हॉलतिकिटाचं तेच चाललंय. परवा सरांनी विचारलं, गेल्या वर्षीचा तो मसुदा आहे का गं तुझ्याकडे? आहे, फोनमध्ये. मी म्हटलं, शोधते. नाही म्हणायला हवं होतं, ते जिभेवर आलं नाही. अजून दिलेला नाही, इतकंच.

मैत्रिणीला मात्र काल रात्री किंगचं पत्र पाठवलं, अख्खं, सोबत माझं सात मार्कांचं भाषांतर. तिचा त्या हुकलेल्या विषयाचा बॅकलॉग सोमवारी आहे. सकाळी उत्तर आलं : “किती मोठं आहे गं. पेपर झाल्यावर वाचते. आत्ता वेळ योग्य नाही.” पुढे जीभ बाहेर काढलेला चेहरा.

कळावे,
एमए भाग दोन, इंग्रजी
(वर्गप्रतिनिधी, गेल्या वर्षीची)